नात्याचे शब्द, नोकरीचे शब्द

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहात वॉर्ड सर्व्हंट म्हणून काम करणाऱ्या दोन बायकांना पन्नासच्या दशकात नोटीस देऊन कामावरून कमी करण्यात आले. त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेली माणसे घ्यायची होती. कामगाराला असे कमी करायचे तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे आधी नुकसानभरपाई द्यावी लागे. ती दिली नव्हती. हॉस्पिटल मजदूर सभेने दाद मागितली. सरकारची बाजू थोडक्यात अशी होती की रुग्णालय हा मुळी उद्योगच नव्हे, ते लोककल्याणाचे काम. आणि उद्योग नाही म्हटल्यावर हा कायदाही तिथे लागू नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २९ जानेवारी १९६० रोजी न्या. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला, तो बायकांच्या बाजूने. नोकरांच्या मदतीने, पद्धतशीरपणे, समाजासाठी चालणारे हे काम आहे, म्हणून ते कायद्याच्या अर्थाने उद्योग ठरते.

रुग्णालयाला उद्योग म्हणणे मराठी कानाला आजही खटकते. 'हॉस्पिटलचा धंदा झालाय' हे वाक्य आपण तक्रार म्हणून म्हणतो. सेवा हा शब्द तिथे शोभतो, असे आपल्याला वाटते. पण त्या दोघींच्या बाबतीत नेमक्या त्या शोभेच्या शब्दाने त्यांचे पैसे अडवले होते आणि खटकणाऱ्या शब्दाने ते मिळवून दिले. पुढे १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयाने उलटा निर्णय दिला, आणि १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी पुन्हा पहिला अर्थ कायम केला. म्हणजे अठरा वर्षांत रुग्णालय उद्योग होते, मग नव्हते, मग पुन्हा झाले. या काळात बेडपॅन उचलण्याच्या कामात काय फरक पडला असेल, ते सांगायला नको. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतून पुन्हा वगळल्या आहेत. परोपकार संस्थेच्या नावावर लागतो. भरपाई जाते ती वॉर्डातल्या बाईची.

हे मला एरवी कळलेही नसते. माझे शिक्षण तौलनिक साहित्याचे. कायद्याशी संबंध आला तो शब्दांमुळे. मी चंडीगडच्या आयटी पार्कात बसून मराठी लिहिते. किशनगढ गावाला लागून काचेच्या इमारती आहेत, मागे शिवालिकच्या टेकड्या, हवा स्वच्छ असेल तर रात्री कसौलीचे दिवे दिसतात. दिवसभरात माझ्याशी मराठीत कुणी बोलत नाही; मी मात्र आठ तास मराठीतच असते. रुग्णालये आणि आरोग्ययोजना यांच्यासाठी तयार होणाऱ्या सॉफ्टवेअरमधले शब्द मी मराठी करते: हजेरी, पाळी, रजा, रकमेचा तपशील, तक्रारीचे प्रकार. उभ्या रकान्यांत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामी जागा. हे शब्द कुठल्या वाक्यात येणार हे बहुधा सांगितलेले नसते. कवितेच्या भाषांतराला कठीण म्हणतात. निदान तिथे आगेमागे ओळी असतात.

या रकान्यांत एक शब्द होता 'व्हॉलंटियर', आणि त्याच्या खाली दोन ओळींवर 'ऑनरेरियम'. सरळ उत्तरे तयार आहेत. स्वयंसेविका आणि मानधन. दोन्ही शब्द सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत, बोलण्यात रुळलेले. पण ते स्क्रीनवर वाचणारी बाई आशा होती, आणि माझे बोट तिथे थांबले.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले आणि त्यासोबत आशा आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची बाई. 'आशा' हे इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेले नाव आहे, आणि त्यातले शेवटचे अक्षर 'ॲक्टिव्हिस्ट'चे आहे. म्हणजे कार्यकर्ती. हिंदीने तो शब्द जवळजवळ तसाच ठेवला. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत मात्र ती झाली 'आशा स्वयंसेविका'. कार्यकर्ती आणि स्वयंसेविका यांत केवढे अंतर आहे, हे मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. कार्यकर्ती मोर्चा काढते. स्वयंसेविका लग्नात वाढायला उभी राहते.

अर्थात दोष एकट्या मराठीचा नाही. अभियानाच्या मूळ इंग्रजी मार्गदर्शक सूचनांतच आशाला मानद स्वयंसेवक म्हटले होते. तिला पगार नाही आणि मानधनही नाही, नेमून दिलेल्या कामापुरता मोबदला, आणि काम असे बेताचे की तिच्या रोजच्या पोटापाण्याच्या उद्योगात अडथळा येऊ नये. कागदावर हे सुसंगत होते. शेजारधर्म आणि नोकरी यांच्या मधली एक जागा कल्पून ती तिथे बसवली होती. पण गरोदर बाईची नोंदणी, तिला दवाखान्यात नेणे, बाळाच्या घरी ठरल्या दिवशी भेटी, लसीकरण, क्षयरोग्यांच्या गोळ्या, घरोघरचे सर्वेक्षण, आणि कोविडमध्ये दारोदार तापमान मोजत फिरणे, एवढे सगळे त्या मधल्या जागेत मावत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा जागतिक सन्मान केला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा गेल्या, आझाद मैदानात येऊन बसल्या, आणि मार्चमध्ये राज्याच्या हिश्श्यातून दरमहा ५,००० रुपये वाढीचा शासन निर्णय निघाला.

मला या संपात भाषेच्या अंगाने एक गंमत दिसते. गंमत म्हणायला जीभ कचरते, पण आहे. स्वयंसेवक संप करू शकत नाही. त्याला नको असेल तर तो उद्यापासून येत नाही, आणि कुणी त्याला 'कामावर रुजू व्हा' असे म्हणू शकत नाही. ज्या क्षणी एखाद्याच्या न येण्याला संप म्हणावे लागते, त्या क्षणी तो स्वयंसेवक नव्हता हे सगळ्यांनी मान्य केलेले असते. बातम्यांत 'आशा स्वयंसेविकांचा संप' असा मथळा येई. त्या तीन शब्दांत मधला शब्द शेवटच्या शब्दाने खोडलेला आहे, आणि तरी तो छापला जातो.

'मानधन' जास्त चतुर शब्द आहे. त्यात मान आधी येतो आणि धन मागून. व्याख्यात्याला, परीक्षकाला, पाहुण्या कलाकाराला मानधन देतात. तुमच्या कामाची किंमत आम्ही करू शकत नाही, हे स्वीकारा, असा त्यातला नम्र भाव. रक्कम छोटी असणे हाच तिथे शिष्टाचार. साहित्यिक नियतकालिकांत लिहिणाऱ्यांना हा शब्द फार परिचित आहे. पाकीट बहुधा कमी परिचित असते. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, की घेणाऱ्याचे पोट दुसरीकडे भरलेले आहे. 'पगार' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्याला मान वगैरे काही नाही, तो महिन्याच्या महिन्याला येतो आणि उशीर झाला तर मागता येतो. मानधन उशिरा आले तर विचारायलाही संकोच वाटावा, अशी त्या शब्दाची घडण आहे.

न्यायालयाने या शब्दाकडे दोनदा पाहिले. डिसेंबर २००६ मध्ये कर्नाटकातल्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यांचे पद शासकीय नागरी पद नव्हे. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू केली. ते करताना तुम्ही ज्याला मानधन म्हणता ते उपदानाच्या कायद्यापुरते वेतनच आहे, असे ठरवावे लागले. नाव बदलले नाही. त्या नावाखाली काय आहे ते पाहिले. अंगणवाडी म्हणजे आशा नव्हे, हा निकाल आशांना आपोआप लागू होत नाही. पण शब्दाच्या आत हात घालून बघता येतो, एवढे तरी त्यातून दिसते.

यावर कुणी विचारील, की भाषांतरकाराला याच्याशी काय करायचे आहे? मूळ शब्द व्हॉलंटियर आहे. तुम्ही स्वयंसेविका लिहा आणि पुढच्या ओळीवर जा. मला हा आक्षेप गंभीर वाटतो. कादंबरीतला सावकार खोटे बोलत असेल तर मी त्याचे खोटे मराठीतही खोटेच ठेवले पाहिजे; ते दुरुस्त करणारा भाषांतरकार वाचकाला फसवतो. पण कादंबरीत तो शब्द कुणाचा आहे हे वाचकाला ठाऊक असते. स्क्रीनवर कुणी पात्र नाही. आणि ज्या बाईचे वर्णन केले आहे तीच ते वाचणार आहे. कादंबरीच्या वाचकाला मी दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असते. इथे मी तिला तू कोण आहेस हे तिच्याच भाषेत सांगते, आणि उत्तर द्यायला तिच्यापाशी फक्त 'पुढे' हे बटण असते. मूळ मजकुराशी निष्ठा एवढे एकच मोजमाप इथे पुरत नाही, असे मी मानते. कशाने पुरेल हे मात्र मला नियम करून सांगता येत नाही.

दुसरे टोकही आहे, ते नात्याचे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयात जा. नर्सला सिस्टर, पुरुष नर्सला ब्रदर, आयाबाईंना मावशी, वॉर्डबॉयला मामा. भाषा संचालनालयाने पदनामे घडवली: अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, कक्षसेवक. सेवाज्येष्ठतेच्या यादीत ती नीट बसतात, पण रात्री दोन वाजता सलाइन संपली तर 'अहो अधिपरिचारिका' अशी हाक कुणी मारलेली मी ऐकलेली नाही. सिस्टर हा शब्द जोगिणींच्या मठांतून आणि ब्रिटिश रुग्णालयांच्या उतरंडीतून आला, आणि आपल्याकडे तर तो पदनामच झाला होता; 'सिस्टर ग्रेड दोन' या नावाच्या पदाच्या जाहिराती एम्ससारख्या संस्था काढत, आणि त्या पदावर पुरुषही काम करत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्टाफ नर्सचे नर्सिंग ऑफिसर केले. नाव मोठे झाले, वॉर्डातली हाक 'सिस्टर'च राहिली.

मला कोडे पडते ते मावशी आणि मामा यांचे. आयाबाईंना आत्या का म्हणत नाहीत? वॉर्डबॉय काका का होत नाही? कदाचित दोन्ही शब्द आईकडचे आहेत म्हणून. आत्या बापाकडची, तिचा मानपान असतो, बारशाला नाव ठेवण्याचा हक्क असतो. ती रुसू शकते. मावशीला असला हक्क नाही. तिच्याकडे फक्त माया असते, आणि माय मरो पण मावशी जगो म्हणत आपण ती माया आधीच गृहीत धरून ठेवलेली असते. मामाकडेही हट्ट करायचा असतो. घाण उचलण्याच्या, उचलून फिरवण्याच्या कामांसाठी भाषेने नेमकी तीच नाती निवडावीत जिथे घेणाऱ्याला संकोच वाटत नाही, हा निव्वळ योगायोग असेलही. मला तसे वाटत नाही.

तरीही रोग्याच्या तोंडची 'मावशी' खोटी नसते. उघडा, परावलंबी, लाजलेला माणूस अनोळखी बाईच्या हातून आपले अंग पुसून घेत असतो. त्या हाकेने तो ती लाज थोडी कमी करतो, आणि आपणही नीट वागू असे कबूल करतो. हीच हाक वरून आली की तिचा अर्थ फिरतो. 'मावशी, रात्रपाळीची आली नाही, जरा थांबता का?' या वाक्यात मावशी हा शब्द जादा पाळीचे पैसे वाचवतो. परिचराला थांबवायचे तर नोंद करावी लागते. मावशीला विनंती पुरते. तेच नाते, तोच शब्द. रोगी तो उच्चारतो तेव्हा स्वतःला बांधून घेतो, व्यवस्था उच्चारते तेव्हा समोरचीला बांधते.

छत्तीसगडने तर नाते कार्यक्रमाच्या नावातच घेतले. २००२ मध्ये तिथे सुरू झालेला मितानिन कार्यक्रम हा आशाचा पूर्वज. मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जन्माचा मित्र. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने आरोग्यदूत हा शब्द घेतला. दूत निरोप आणतो, त्याचे घराशी नाते असेलच असे नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने सत्तरच्या दशकापासून ग्राम आरोग्य सेविका घडवल्या. तिन्ही ठिकाणी बायकांनी मोठे काम केले. आरोग्यदूतांच्या घरभेटींनी नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. शब्द वाईट होते असे मी म्हणत नाही. एका गावात, माणसे एकमेकांना ओळखत असताना निवडलेला शब्द दहा लाख बायकांच्या यंत्रणेवर चढवला की त्यातली ओळख गळते आणि अपेक्षा तेवढी उरते.

याच्या विरुद्ध सगळ्यात वजनदार म्हणणे रिचर्ड टिटमस या इंग्रज विचारवंताचे आहे. १९७० च्या 'द गिफ्ट रिलेशनशिप' या पुस्तकात त्याने रक्तदानाची तुलना केली आणि दाखवले की पैसे देऊन घेतलेले रक्त जास्त धोकादायक ठरते, शिवाय पैसा आला की देण्याची वृत्ती मागे हटते. चंडीगडला राहणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये. इथे पीजीआयच्या आधाराने १९६४ मध्ये कांता सरूप कृष्ण यांनी ब्लड बँक सोसायटी उभी केली, ऐच्छिक रक्तदानाची चळवळ वाढवली. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशभर रक्त विकण्याला बंदी आली. तिथे दान हा शब्द खरा आहे आणि तो खराच राहिला पाहिजे. मग शुश्रूषेलाही पगाराची भाषा लावली तर माया आटेल का?

पण रक्त देणारा तीन महिन्यांनी एकदा येतो, अर्धा तास पडून राहतो, चहा-बिस्किटे घेतो आणि आपल्या नोकरीवर परत जातो. दानाला दुसरी नोकरी लागते. शुश्रूषा हीच ज्यांची नोकरी, त्यांच्याकडून तिचे दान मागणे म्हणजे त्यांनी कशावर जगावे हे न विचारणे. आणि पगाराने माया आटते का, याचे उत्तर आपल्याकडे एका वॉर्डाने बेचाळीस वर्षे दिले आहे.

केईएमची परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिथल्या एका सफाई कामगाराने हल्ला केला. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली. मधली सगळी वर्षे केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवले, धुतले, कुशीवर वळवले. या कथेचे कीर्तन होते तेव्हा त्यातून एक गोष्ट गळते: हे सगळे काम पगारी पाळ्यांत झाले. एक निवृत्त होई, दुसरी येई. अरुणाला कधीच न पाहिलेल्या मुली तिचे अंग पुसत. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता, आणि त्यांच्या मागण्यांत अरुणासाठी चांगली व्यवस्था आणि स्वतःसाठी कामाची सुरक्षित परिस्थिती या दोन्ही गोष्टी होत्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने ती खाट मोकळी करण्यासाठी तिला हलवायचे दोनदा ठरवले, तेव्हा त्या पुन्हा आंदोलनाला उभ्या राहिल्या. मायेसाठी संप, आणि त्याच संपात स्वतःचे हक्क. त्या बायकांना यात विसंगती दिसली नव्हती.

पुढे पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने दयामरणाची याचिका केली तेव्हा न्यायालयासमोर एक शब्द आला, 'नेक्स्ट फ्रेंड'. हिंदी कायद्यात त्याला वादमित्र म्हणतात. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क असलेला. हा नातेवाईक असावा लागत नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की अरुणाची वादमित्र विराणी नव्हेत, केईएमचे कर्मचारी आहेत. आणि त्यांना ती जगावी असे वाटते म्हणून याचिका फेटाळली. तो निर्णय योग्य होता का, यावर मी अजूनही दोन्ही बाजूंनी विचार करते. ज्या सांभाळतात त्यांना थकण्याचा हक्कही हवा, आणि ज्याला सांभाळले जाते त्याला सुटण्याचा. पण शब्दापुरते पाहिले तर तिथे काहीतरी दुर्मीळ घडले. कर्मचारी हे कर्मचारी म्हणूनच जवळचे ठरले. त्यांना बहिणी व्हावे लागले नाही. अरुणा गेली त्या दिवशी मात्र जुने नाते परत आले, अंत्यसंस्कार कुणी करायचे यावर वाद झाला, आणि शेवटी रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि तिचा भाचा या दोघांनी मिळून ते केले.

कायद्याच्या मराठीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टर-रुग्ण संबंध ग्राहक कायद्याखाली आला, तो इंग्रजीतल्या 'ऑफ' आणि 'फॉर' या दोन अव्ययांतल्या फरकावर. मालकाने नोकराशी केलेला करार पहिला, रुग्णाने डॉक्टरशी केलेला दुसरा. मराठीत दोन्ही 'सेवेचा करार' होतात. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात आरोग्यसेवा हा शब्द विधेयकात होता, कायद्यात नव्हता. त्यावर चंडीगडच्या डॉक्टरांचा एक न्यास मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये हरला. शब्द गाळला तरी गोष्ट गळत नाही, असा त्याचा मतितार्थ. मला आमच्या रकान्यांच्या दृष्टीने तो दिलासादायक वाटतो.

ज्या शब्दावर मी सर्वाधिक वेळ घालवला तो मात्र कायद्याचा नव्हता. 'अटेंडंट'. पीजीआयच्या आवारात हा शब्द दोन प्रकारच्या माणसांना लावतात. रोग्यासोबत आलेला, पासावर आत सोडला जाणारा, व्हरांड्यात चादर टाकून झोपणारा भाऊ किंवा बायको तो अटेंडंट. आणि ट्रॉली ढकलणारा, रोग्याला एक्स-रेला नेणारा कंत्राटी कामगार तोही अटेंडंट. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे कंत्राटी अटेंडंट थकबाकीसाठी संपावर गेले, त्यांच्यासोबत सफाई कामगारही. बाह्यरुग्ण विभागात नवे रोगी घेणे काही दिवस थांबले. संपाच्या काळात रोग्यांना नेण्या-आणण्यासाठी स्वयंसेवकांची मदत घेतली गेली.

मराठीत दोन शब्द आहेत, आणि मला त्याचा आनंद झाला. पहिल्याला आपल्या दवाखान्यांत 'पेशंटसोबत कोण आहे?' किंवा 'पेशंटचं माणूस कोण?' असे विचारतात. माणूस नपुंसकलिंगी. बाई असो, बाप्या असो, चुलत असो, शेजारी असो. नाते विचारत नाहीत, सोबत विचारतात. दुसरा रुग्णालय परिचर. मी ग्राहक कंपनीला लिहून विचारले की या ओळीतला अटेंडंट कोणता. उत्तर आले: दोन्ही, एकच स्क्रीन आहे. मी लिहिले की मराठीत एकच शब्द चालणार नाही, कारण एकाला पास द्यायचा आहे आणि दुसऱ्याची हजेरी घ्यायची आहे. त्यावर चार दिवसांनी ओळ दोन ओळी होऊन आली.

'व्हॉलंटियर'च्या ओळीत मी 'आशा कार्यकर्ती' लिहिले होते, मूळ नावातल्या ॲक्टिव्हिस्टला धरून. तपासणाऱ्याने ती 'शासकीय संज्ञा वापरा' असा शेरा मारून परत पाठवली, आणि तो त्याच्या जागी बरोबर आहे. 'ऑनरेरियम'च्या जागी मी 'मोबदला' ठेवला. तो शासकीय कागदांतही आहे, त्यामुळे तो टिकला. स्वयंसेविकेच्या नावाखाली आता 'या महिन्याचा मोबदला' असे दिसते, आणि त्याखाली, रक्कम जमा झाली नसेल तर, 'तक्रार नोंदवा'.